१५ गिगाहर्ट्झची लिंक जुलैत टिकते, परतीच्या पावसात पडते. का?

टॉवरवाला_सावंतवाडी:
मंडळी, मी टॉवर देखभालीच्या कामावर आहे. आमचा ११ किलोमीटरचा मायक्रोवेव्ह हॉप आहे (दोन टॉवरमधला बिनतारी दुवा), १५ गिगाहर्ट्झ, दोन्ही टोकांना ०.६ मीटरच्या डिश. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तरी लिंक चालू. ऑक्टोबरात दुपारी ढग भरून जोराची सर आली की आधी नेट रखडतं, मग लिंकच जाते. वरून सांगतात, डिश हलली असेल, परत अलाइन करा, म्हणजे समोरच्या डिशच्या रेषेत आणा. केली, फरक शून्य. डिश मोठी केली तर सुटेल का?

जुना_मायक्रोवेव्हवाला:
दादा, तुमची डिश जागेवरच असणार. दिवसभरात पाऊस किती झाला याचा इथे फारसा संबंध नाही, त्या मिनिटाला तो किती जोरात कोसळतोय ते बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याचीही सरासरी ताशी ३९ च येते. परतीची सर थोडाच वेळ टिकते, पण तेवढ्यात ताशी १०० चा जोर सहज गाठते.

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) सूत्राने, व्हर्टिकल पोलरायझेशन, म्हणजे लहरींचं कंपन उभं धरून, १५ गिगाहर्ट्झला ताशी १० मिलिमीटरमध्ये किलोमीटरमागे साधारण अर्धा डेसिबल जातो (डेसिबल म्हणजे सिग्नल किती घटला ते मोजायचं एकक). अख्ख्या हॉपला सहा, म्हणजे लिंकला कळतही नाही. ताशी १०० ला मात्र किलोमीटरमागे सहा. असली सर पूर्ण ११ किलोमीटरवर नसते, पण चार-पाच किलोमीटर जरी वाटेत आली तरी २५ ते ३० डेसिबल गेले. नेट आधी रखडतं कारण सिग्नल घसरला की रेडिओ २५६ क्वॅम या वेगवान पद्धतीवरून खाली उतरत क्यूपीएसके या हळू पण दणकट पद्धतीवर येतो. तोही झेपेनासा झाला की लिंक जाते.

एक जरूर तपासा: पोलरायझेशन कुठलं आहे? मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, वडापावातल्या पावासारखा. म्हणून हॉरिझॉन्टलला, म्हणजे आडव्या पोलरायझेशनला, जास्त मार बसतो, ताशी १०० ला किलोमीटरमागे जवळपास आठ डेसिबल. व्हर्टिकल करता आलं तर फुकटात फायदा.

डिश ०.६ ची १.२ केलीत तर एका टोकाला ६, दोन्हीकडे मिळून १२ डेसिबल मिळतील. त्या सरीत ते दोन किलोमीटरमध्ये संपतात. शिवाय टॉवरवर वाऱ्याचा भार वाढतो. मधे टेकडीवर जागा मिळत असेल तर हॉपचे दोन तुकडे करा, नाहीतर ७ गिगाहर्ट्झ मागा. तिथे त्याच पावसात किलोमीटरमागे सव्वा-दीड डेसिबलच जातो. स्पेस डायव्हर्सिटीवर, म्हणजे एकाच टोकाला वर-खाली दोन डिश लावण्यावर, मात्र पैसे घालू नका. ती मल्टिपाथसाठी असते, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकांना मारतो तेव्हा. पाऊस दोन्ही डिशपुढे सारखाच पडतो.

केबल_इंटरनेट_राजापूर:
माझी ५.८ गिगाहर्ट्झची लिंक आहे, तीन किलोमीटरची. तीही पावसात पडते. हेच कारण ना?

जुना_मायक्रोवेव्हवाला:
नाही हो. ५.८ ला ताशी १०० चा पाऊससुद्धा तीन किलोमीटरमध्ये दोन-तीन डेसिबलच्या वर खात नाही. कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघा, आणि वाटेत झाडाची फांदी वाढली आहे का तेही. ओली पानं सिग्नल चांगलाच अडवतात.

टॉवरवाला_सावंतवाडी:
पोलरायझेशन हॉरिझॉन्टलच निघालं! पण वरच्यांना पटवू कसं? ते अजून अलाइनमेंटवरच अडलेत.

जुना_मायक्रोवेव्हवाला:
रिसीव्ह लेव्हलचा, म्हणजे किती सिग्नल पोचतोय त्याचा, लॉग काढा, दोन्ही टोकांचा. पावसाचा फेड (सिग्नलची घसरण) दोन्ही दिशांना एकाच वेळी दिसतो आणि सर ओसरली की लेव्हल होती तिथे परत येते. डिश हलली असती तर कोरड्या दिवशीही लेव्हल खालीच राहिली असती. एकाच दिशेला घसरण दिसली तर रेडिओ किंवा इंटरफिअरन्स (दुसऱ्या सिग्नलचा अडथळा) बघावा लागेल. जवळच्या पर्जन्यमापकाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी मिळाल्या तर त्याच आलेखावर चढवा. दिवसाचा एकूण आकडा देऊ नका, त्यात सर दिसतच नाही. लॉग आला की इथे टाका, मी बघतो.