मदत हवी आहे: प्रोग्रॅम मूळ संख्येला संयुक्त म्हणतोय

घोडबंदरची_अनघा: लेकीच्या शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. तिने जावामध्ये मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम लिहिलाय. लहान संख्यांना उत्तर बरोबर येतं, मोठीला "मूळ नाही" म्हणतो. ती संख्या मूळ आहे हे नक्की. कालपासून डोकं पिकलंय. प्लीज लवकर सांगा.

ऐरोलीकर: कुठली संख्या? कोड कुठाय? मोठी म्हणजे दहा अंकी की दहा हजार अंकी?

कोपरीचे_काका: भागाकार करत बसूच नका. लुकास-लेमर चाचणी घ्या. ४ पासून सुरू करायचं, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि संख्येने भागून बाकी ठेवायची. १२७ घ्या: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे मूळ. मुलगी फळ्यावर करून दाखवेल, परीक्षक बघत राहतील.

ऐरोलीकर: काका, ती फक्त दोनचा घात वजा एक अशा संख्यांना चालते. ताईंनी संख्या सांगितलीये कुठे?

नेरूळ_सेक्टर: सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली, ४१०२४३२० अंक. छापायची असेल तर एका पानावर ३००० अंक धरूनही १३ हजारांवर पानं लागतील. पेन ड्राइव्हवर न्या.

घोडबंदरची_अनघा: अहो, छापायचं नाहीये! संख्या २१४७४८३६४७. एन म्हणजे ती संख्या, आय म्हणजे भाजक. लूप २ पासून, आय * आय <= एन असेपर्यंत. सगळे इंट (जावातला पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार). बराच वेळ चालतो आणि भाजक म्हणून तीच संख्या दाखवतो.

ऐरोलीकर: हेच आधी हवं होतं. ही २^३१ − १, म्हणजे जावाच्या इंटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या. आय ४६३४१ झाला की त्याचा वर्ग २१४७४८८२८१, तो इंटमध्ये मावत नाही, ऋण होतो. मग अट खरीच राहते, लूप थांबत नाही. शेवटी आय स्वतःच एनपर्यंत पोचतो आणि बाकी शून्य. अट आय <= एन / आय अशी करा.

कोपरीचे_काका: माझ्या चाचणीने २९ पायऱ्यांत झालं असतं. वर्ग तेवढा लाँगमध्ये (इंटहून मोठ्या प्रकारात) घ्यायचा.

ऐरोलीकर: भागाकारानेही फार नाही. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली हीच संख्या मूळ असल्याचं दाखवलं, हातानेच. तिचा मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ने भागून बाकी १ किंवा ६३च उरते. वर्गमूळापर्यंत अशा ३७३ संख्या आहेत, त्यातल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या. तक्त्यावर हे लावा.

देवळालीप्रेमी: परदेशी नावं कशाला? आपले गणितज्ञ कापरेकर मास्तर घ्या. त्यांचा स्थिरांक ६१७४!

ऐरोलीकर: ६१७४ सम आहे हो, इथे काय संबंध?

घोडबंदरची_अनघा: अट बदलली, "मूळ आहे" आलं, तेही लगेच! खूप आभार. ती विचारतेय, २^६७ − १ टाकली तर?

कोपरीचे_काका: लाँगमध्येही मावणार नाही, त्याहून मोठ्या संख्यांसाठीचा बिगइंटिजर लागेल. आणि ती मूळ नाही. गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये फोडली: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार तिला हाताने करू द्या.