पेट्रा एका दिवसात: आई-बाबांना झेपेल का?

प्रश्न: जॉर्डनला चाललोय, तिथल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहरासाठी एकच दिवस. आई-बाबा साठीपुढचे, वेरूळ आरामात फिरतात.

उत्तर १: वेरूळपेक्षा चाल बरीच जास्त. सकाळी 6 ला आत शिरा. सिक ही घळ साधारण 1.2 किमी, ती संपताच समोर ‘खजिना’ (Treasury) ही कड्यात कोरलेली वास्तू. ‘मठ’ (Monastery) ही कोरीव वास्तू उंचावर, तिथवर 800 च्या आसपास पायऱ्या. दुपारनंतर चढा, तेव्हा मठाच्या दर्शनी भागावर ऊन पडून तो उजळतो. आई-बाबांना खालीच थांबवा. परतीचा चढ लोक हमखास विसरतात!

उत्तर २: सिकच्या भिंतीत कोरलेला पाण्याचा पाट चुकवू नका. खजिनाही वेरूळच्या कैलास लेण्यासारखाच वरून खाली कोरलाय. पाऊस असेल तर मात्र जाऊ नका, घळीत लोंढा येतो.

उत्तर ३: मुक्काम जॉर्डनमध्येच करा, नाहीतर तिकीट महाग पडतं.