तळ्याकाठी की नदीकाठी? १४ जणांच्या मुक्कामाला जागा कशी हेरावी

सावकाश_चालणारी:
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही १४ जण, सगळ्यात धाकटी ९ वर्षांची, सगळ्यात मोठे ६७ चे. दोन रात्री तंबूत आणि मधल्या दिवशी ५-६ तासांची चाल, असा बेत आहे. पाण्याकाठी राहायचं यावर एकमत, पण अर्धे तळं म्हणतात, अर्धे नदी. दोन जागा निवडल्यात, फोटोत दोन्ही देखण्या. रविवारी जाऊन बघणार आहे. तिथे नेमकं काय बघू?

पाणकावळा:
फोटो काठावरून काढतात, तंबू मात्र काठावर ठोकायचा नसतो. पाण्यापासून साधारण ६० मीटर मागे या, म्हणजे मोठ्या माणसाची ७०-८० पावलं. तिथली जमीन बघा. सपाट आहे का, जराशी उंच आहे का, तुमचे पाच-सहा तंबू मावतील का? बहुतेक जागा इथेच बाद होतात. वर वाळक्या फांद्या लटकत नाहीत ना, तेही पाहून घ्या.

नदीकाठी असाल तर झुडपांत डोकवा. फांद्यांत गवत, काटक्या, चिंध्या अडकलेल्या दिसल्या तर पाणी तिथवर येऊन गेलंय. वळणाच्या आतल्या अंगाला मऊ वाळूचा पट्टा असतो, त्याला सगळे भुलतात. ती वाळू नदीनेच आणून टाकलीय, न्यायलाही तीच येईल. आणि वरच्या अंगाला धरण आहे का, पाणी कधी सोडतात, हे चौकशी केल्याशिवाय जाऊच नका. आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढतं ते यामुळेच.

सावकाश_चालणारी:
धरणाचं डोक्यातच नव्हतं! पण नदी गुडघ्याएवढीच आहे हो. पोरांना डुंबायला बरी, असं वाटलं होतं.

पाणकावळा:
खोलीपेक्षा वेग बघा. जोराच्या धारेत १५ सेंमी पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडतं. ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येते. पाणी एकाएकी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून उंचावर. भांडी आवरत बसू नका.

ओलं_अंथरूण:
माझं मत तळ्याला. मोठ्या गटावर नजर ठेवायला सोपं, पोरं कुठे आहेत ते दिसतं. पण नावावरून कळलंच असेल, मी एकदा फसलोय. रात्री गार हवा उतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साचते. आम्ही नेमके तिथेच. पहाटे तंबूच्या छतातून पाणी ठिबकत होतं, पाऊस नसताना! तेव्हापासून मी काठाच्या जरा वर, वारं लागेल अशी जागा धरतो. डासही कमी होतात.

पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर ते तळं सोडून द्या. त्यातलं विष उकळूनही जात नाही. बाकी ठिकाणचं पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं.

(आणि रात्री गप्पा हळू मारा. पाण्यालगत गार हवेचा थर असला की आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावरचं भांडण आम्ही इत्थंभूत ऐकलंय.)

उतारावरचा_शहाणा:
चालीचा हिशोबही आत्ताच करा. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे: ५ किमीला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. १२ किमी आणि ६०० मीटर चढ म्हणजे सुमारे साडेतीन तास, तेही न थांबता. तुमच्या गटाला मी दीडपट धरेन, म्हणजे ५ तासांच्या वरच. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, मागे नको.

सावकाश_चालणारी:
जाऊन आले. नदी बाद! माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर झुडपात वाळकं गवत अडकलेलं होतं, आणि त्याच्याच खाली मी मनातल्या मनात तंबू लावून मोकळी झाले होते. तळ्याकाठी ८० पावलं मोजली तर नुसता उतार, पण आणखी वर एक सपाट टप्पा सापडला. सहा तंबू मावतात. फक्त शौचाची सोय कशी करायची?

पाणकावळा:
तंबूंच्या पलीकडे, पाण्यापासून तीच ७०-८० पावलं दूर, १५-२० सेंमी खोल खड्डा, नंतर माती लोटून द्यायची. खुरपं न्या, दोन न्या. १४ जणांत एक हमखास हरवतं.