मदत हवी आहे: पाककृतींच्या साईटवर जाहिराती नेमक्या कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

पाच वर्षांपासून मराठी पाककृतींची छोटी साईट चालवते. वर्डप्रेसवर आहे. दिवसाला १०००-१२०० पानं उघडली जातात, गणपती-दिवाळीत थोडी जास्त. बहुतेक सगळे मोबाइलवाले: फोन ओट्यावर टेकवून, कणकेच्या हाताने पान वरखाली करणारे. गुगलच्या ॲडसेन्स या जाहिरात-सेवेचे महिन्याला जेमतेम ९-१० डॉलर जमतात आणि १०० झाल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत, म्हणजे वर्षातून एकदाच काय ती दिवाळी.

गेल्या महिन्यात दोन उद्योग करून बसले. साहित्याची यादी संपते तिथे, ‘प्रिंट काढा’ बटणाला अगदी खेटून एक जाहिरात घातली. शिवाय ‘आणखी पाककृती’च्या यादीत इन-फीड (यादीतच मिसळणाऱ्या) जाहिराती टाकल्या आणि त्यांचा रंग, फॉन्ट, चौकट सगळं माझ्या पाककृतींच्या कार्डासारखं करून घेतलं. क्लिक दुप्पट झाले! मग मावशीचा फोन आला, ‘‘अगं, तुझ्या मोदकांवर बोट ठेवलं तर मला गृहकर्ज देतायत.’’ महिनाअखेरीस अवैध (चुकून पडलेल्या वगैरे) क्लिकपोटी एवढी कपात झाली की आधीपेक्षाही कमी उरले.

आता सगळं काढून ऑटो ॲड्स (जागा गुगलनेच ठरवायची) चालू करू का? आणि जाहिरात साईटशी मिळतीजुळती असावी की उठून दिसावी?

प्रतिसाद १
ऑटो ॲड्स चालू केल्या की विषय संपला. डोक्याला ताप नाही.

प्रतिसाद २
ताई, विषय तिथे संपत नाही. ऑटो ॲड्स लावा, पण पान बदलताना पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात आधी बंद करा. गॅसवर कढई असताना ती कुणालाच नको असते.

मावशींची तक्रार हाच तुमचा खरा रिपोर्ट आहे. रंग-फॉन्ट जुळवायला हरकत नाही, पण जाहिरात कुठली आणि पाककृती कुठली हे कळेनासं झालं की तो थेट नियमभंग. चौकटीची पार्श्वभूमी थोडी वेगळी ठेवा, वर ‘जाहिरात’ असं लिहा. ‘उपयुक्त दुवे’ वगैरे शीर्षक अजिबात देऊ नका. ‘प्रिंट काढा’ आणि जाहिरात यांच्यात चांगलं बोटभर अंतर हवं.

जागेचं म्हणाल, तर एक ३०० बाय २५० पिक्सेलची जाहिरात प्रस्तावनेच्या परिच्छेदानंतर, दुसरी कृतीच्या शेवटाकडे, पायऱ्या संपत आल्या की. वाचक तिथे रेंगाळतो. जाहिरातीचा निदान अर्धा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला तरच ती ‘दिसली’ असं धरतात आणि ॲडसेन्स २०२४ पासून क्लिकऐवजी दिसण्याचे पैसे देतं. तेव्हा क्लिकच्या मागे लागण्यात आता तसाही अर्थ नाही. तळाशी चिकटलेली पट्टी चालेल, पण एकच.

अजून एक. जाहिरातीच्या डब्याला सीएसएसमधून (पानाची मांडणी ठरवणारा कोड) किमान उंची द्या, २५०ची असेल तर २५० पिक्सेल. नाहीतर ती उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलतीकडेच पडतं. अर्धे चुकीचे क्लिक इथूनच येत असतील.

प्रतिसाद ३
आधी पानाची लांबी बघा. मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या ३० टक्क्यांवर गेली की बेटर ॲड्स या जाहिरात-उद्योगाच्या गटाच्या निकषात पान नापास होतं. कोशिंबिरीच्या पाच ओळींच्या कृतीत चार जाहिराती असतील, तर दोष जागेचा नाही.

मूळ लेखिका
कोशिंबीर बरोब्बर पकडलीत, तिथे खरंच चार होत्या! आता एकच ठेवली आहे. किमान उंचीचंही केलं, पान उडी मारायचं थांबलं. मावशीला आज पुन्हा मोदक उघडून बघायला सांगितलंय.

एक शंका राहिली: पुरणपोळीसारख्या लांबलचक कृतीत तिसरी जाहिरात घालू, की ती जागा माझ्याच दुसऱ्या पाककृतीच्या दुव्याला देऊ? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?