मदत हवी आहे: जॉर्जियात मराठी चित्रपट आणि 30 टक्के टॅक्स क्रेडिटचा हिशेब

मोटेलवाला

मंडळी, अटलांटाच्या आसपास राहणारे आम्ही काही जण पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करतोय. आजवर मंडळात नाटकं बसवली, दोन लघुपट केले. गोष्ट हायवेवरच्या एका मोटेलची आहे, त्यामुळे शूटिंग इथेच.

बजेट 5 लाख 60 हजार डॉलर. त्यातले 1 लाख 30 हजार संकलन, ध्वनी आणि पार्श्वसंगीतासाठी, ते काम पुण्यात होईल. दोन मुख्य कलाकार मुंबईहून येणार. मोटेल सोडून बाकी लोकेशन म्हणजे मित्रांची घरं, फुकट. जेवणाच्या पाळ्याही लावून झाल्यात. निम्मी टीम आयटीत असल्याने थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या सुट्ट्या धरून नोव्हेंबर ते जानेवारी असं शूटिंग ठरतंय.

जॉर्जिया सरकार राज्यात केलेल्या खर्चावर 20 टक्के टॅक्स क्रेडिट (म्हणजे भरायच्या करातून तेवढी वजावट) देतं आणि त्यांचा पीचचा लोगो दाखवला की आणखी 10 टक्के. अट किमान 5 लाखांच्या खर्चाची. आम्ही त्यावर आहोत म्हणून आमच्या एका भागीदाराने एक्सेलमध्ये 'सरकारकडून 1 लाख 68 हजार' अशी ओळ टाकून दिलीय आणि त्या भरवशावर तेवढी वर्गणी कमी गोळा करायचं चाललंय. मला हे पटत नाही, पण नेमकं बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. शिवाय आमच्या कंपनीला नफाच नाही, मग कर कसला आणि क्रेडिट वळतं कशातून करायचं? महाराष्ट्र शासनाचं अनुदान यावर मिळू शकेल का? जाणकारांनी सांगा.

लेखाजोखा

इथे प्रॉडक्शन अकाउंटिंग करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्याचे 1 लाख 30 हजार आधी बाजूला काढा, ते जॉर्जियातला खर्च नाहीत. उरले 4 लाख 30 हजार. 5 लाखांच्या खाली गेलात की क्रेडिट त्या प्रमाणात कमी होत नाही, शून्य होतं. त्यात ही किमान रक्कम एकाच करवर्षात खर्च व्हावी लागते. तुमचं शूटिंग 31 डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना पसरलंय, म्हणजे आहे तो खर्चही दोन वर्षांत विभागला जाणार. तारखा बदला. सुट्ट्यांचा मोह महागात पडेल.

मित्रांची घरं आणि पाळीपाळीची जेवणं याबद्दल काय बोलू! मंडळाची काटकसर कौतुकाची, पण इथे ती उलटी लागते. खात्यातून पैसे गेले नाहीत तर सरकारच्या लेखी तो खर्च झालाच नाही. पण म्हणून मित्राला खोटं भाडं दाखवू नका, ऑडिटमध्ये सगळं उघडं पडतं. 2023 पासून लहान-मोठ्या प्रत्येक चित्रपटाचं ऑडिट सक्तीचं आहे आणि त्याची फी तुमच्याच खिशातून जाते.

मुंबईच्या कलाकारांचं इथल्या कामाचं मानधन धरतात, ते जॉर्जियाचे रहिवासी नसले तरी. विमानाची तिकिटं मात्र जॉर्जियातल्या ट्रॅव्हल एजन्सीकडून घ्या, कुठल्यातरी ॲपवरून काढलीत तर धरणार नाहीत. आणि त्यांना पर्यटक व्हिसावर आणून काम करून घेण्याचा विचारही नको. इमिग्रेशन वकिलाशी आत्ताच बोला, त्याला वेळ लागतो.

नफा नसल्याची काळजी नको. सरकार रोख पैसे देत नाही, पण हे क्रेडिट विकता येतं. जॉर्जियात कर भरणारी एखादी कंपनी किंवा व्यक्ती ते विकत घेते. साधारण डॉलरमागे 85-90 सेंट येतात, त्यात दलालाचं कमिशन वेगळं. पण विकणार कधी? ऑडिट पूर्ण होऊन क्रेडिट मंजूर झाल्यावर. तुमच्या एक्सेलमधल्या त्या ओळीने कॅमेऱ्याचं भाडं देता येणार नाही.

बंडूनाना

एवढ्या कटकटीपेक्षा मोटेल लोणावळ्यात शोधा की! पाटी बदलली की झालं अमेरिका.

मोटेलवाला

नाना, बाहेरून जाणारे अठरा चाकी ट्रक कुठून आणू?

सावनी_गोरेगाव

शासनाच्या अनुदानाबद्दल सांगते. तेही चित्रपट पूर्ण झाल्यावरच मिळतं. सेन्सॉर प्रमाणपत्र आल्यावर गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळाकडे अर्ज करायचा, मग समिती चित्रपट पाहून गुण देते आणि त्यावरून दर्जा ठरतो. 'अ' दर्जाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख रुपये अशी रक्कम बरीच वर्षं होती. गुण कमी पडले तर हात हलवत परत. 40 लाख धरले तरी तुमच्या बजेटचा दहावा हिस्साही होत नाही. अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीच्या नावाने अर्ज चालेल का, हे महामंडळात लेखी विचारून घ्या, तेही शूटिंगच्या आधी. एक्सेलमध्ये मात्र हीसुद्धा ओळ टाकू नका.

लेखाजोखा

एक वाट राहिली. 5 लाखांची अट एकाच चित्रपटाने पूर्ण करायला हवी असं नाही. एका कंपनीने त्याच वर्षात केलेली दोन-तीन कामं एकत्र धरतात, त्यात जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओसुद्धा चालतात. गणेशोत्सवाचं चित्रीकरण किंवा कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म मात्र त्यात बसत नाहीत.

मोटेलवाला

लेखाजोखाताई, सावनीताई, मनापासून आभार. धाग्याची लिंक भागीदाराला पाठवली, अजून उत्तर नाही. :)

नवा बेत असा: शूटिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये, ध्वनी आणि संकलनही अटलांटातच. पुण्यापेक्षा ते महाग पडेल, पण त्याने 5 लाखांची अट पूर्ण होते. तरी पैसे उभे करताना क्रेडिट शून्य धरणार. त्यासाठी लागणारी जास्तीची रक्कम उभी राहिली नाही तर चित्रपट एक वर्ष पुढे ढकलू.

आता दुसरी मदत. ब्यूफोर्ड ते डालोनेगा पट्ट्यात कुणाच्या ओळखीत जुनं दुमजली मोटेल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाहेरून जिना आणि रस्त्याकडे तोंड केलेल्या खोल्या हव्यात. भाडं रीतसर देऊ, पावती मात्र लागेल.