लेकीच्या मैत्रिणी "सगळ्या व्हेज", पण प्रत्येकीचं व्हेज वेगळं. एकाच पंगतीत काय वाढू?

सावंतवाडीची_आई:
नमस्कार मंडळी. लेक पुण्याला जॉब करते, तिच्या फ्लॅटवरच्या तिघीजणी मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे यायच्या आहेत. फोनवर म्हणाली, "आई टेन्शन घेऊ नको, सगळ्या व्हेजच आहेत." मला बरंच वाटलं, आमच्याकडे सोमवारी शिवराकच, म्हणजे शाकाहारीच असतं, त्यात काय एवढं. पण मग व्हॉट्सॅपवर एकेक कळायला लागलं. एक सांगलीची जैन, कांदा लसूण बटाटा काहीच नाही. दुसरी व्हीगन, म्हणजे दूध दही तूप पण नाही. तिसरी व्हेज आहे पण अंडं खाते! तर हे व्हेजचे नक्की प्रकार तरी किती, आणि तिघींना चालेल असा एकच स्वयंपाक होऊ शकतो का? वेगवेगळी ताटं मला नको वाटतात, पोरी पहिल्यांदा घरी येतायत, सगळ्यांनी एका पंगतीत बसून तेच खावं असं मनापासून वाटतं.
अजून एक, सासूबाई विचारतायत की दूध तर शाकाहारीच ना, मग ही पोरगी दूध का पीत नाही? मला काही सांगता आलं नाही.

निवांत_नीता:
ताई, आपण ज्याला शाकाहार म्हणतो ना, दूध चालतं अंडं नाही, त्याला पुस्तकी भाषेत लॅक्टो व्हेजिटेरियन म्हणतात. अंडं पण खाणारे लॅक्टो-ओव्हो, आपल्याकडे त्यांना एगिटेरियन म्हणायची पद्धत पडलीय. परदेशात नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर बहुतेक वेळा त्यात अंडं धरलेलंच असतं, आपल्याकडे मात्र पाकिटावर अंड्याला हिरवा ठिपका मिळत नाही, म्हणून हा गोंधळ. मासे खाऊन बाकी मटण-चिकन सोडलेल्यांना पेस्केटेरियन म्हणतात, तो शाकाहार नाहीच.
व्हीगन म्हणजे प्राण्याकडून आलेलं काहीच नाही, मध पण नाही. हा शब्द १९४४ चा, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. त्यांचं म्हणणं असं की दूध हे वासराचं, आणि डेअरीच्या धंद्यात गाय-म्हशीला आणि रेडकाला जे सोसावं लागतं त्यात आपण भागीदार व्हायचं नाही.
सासूबाईंना गांधीजींचं सांगा. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं, पुढे गाय-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रतच घेतलं. मग १९१८ च्या मोठ्या आजारपणात डॉक्टरांनी फार गळ घातली तेव्हा शेळीचं दूध घेतलं, व्रताचे शब्द पाळले पण मर्म सुटलं ही टोचणी त्यांना राहिलीच, आत्मकथेत त्यांनी स्वतः लिहिलंय. म्हणजे हे काही आजकालच्या पोरींचं फॅड नाही.

इचलकरंजीची_सून:
माझं सासर जैन, माहेर नाही, त्यामुळे तुमची धांदल मला अगदी कळते. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाई माहेरी जेवायला आल्या तेव्हा आईने कांदा बटाटा सगळं टाळलं होतं पण आमटीत आलं किसून घातलं होतं, आणि आलं पण कंदच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, भात आणि दही खाऊन उठल्या. आई रात्रभर तळमळत होती, मला अजून आठवलं की वाईट वाटतं.
तर कांदा लसूण बटाटा सोबत गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं हे सगळं बंद. जमिनीखालच्या कंदात अनंत जीव असतात असं मानतात आणि कंद उपटला की झाडच मरतं. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. मध नाही. बटाट्याच्या जागी कच्चं केळं घाला, पावभाजीत सुद्धा कळत नाही. काही घरांत रात्रभर आंबवलेलं पीठ शिळं धरतात, तेव्हा आंबोळी करण्याआधी विचारा. आणि जेवण सूर्यास्ताच्या आत लागतं का हे नक्की विचारा, हे लोक विसरतात आणि पाहुणी बिचारी संकोचाने उपाशी झोपते. तरुण मुली सगळ्याच पाळतात असं नाही, पण पाळत असेल तर तिला मागायला लावू नका, साडेसहाला पानं घ्या.

तोक्योतला_मालवणी:
मी सात वर्षं जपानला आहे, पहिल्या महिन्यातला अनुभव सांगतो. सोमवार होता म्हणून हॉटेलात मांस नको, मासे नको असं नीट सांगून फक्त सूप आणि भात घेतला, अर्धा वाडगा पिऊन झाल्यावर सोबतच्या माणसाने सांगितलं की ह्या सूपाचं पाणीच दाशी आहे, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. वाढणाऱ्याने फसवलं नव्हतं, त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. तेव्हापासून मी व्हेज हा शब्द वापरत नाही, काय काय नको ते एकेक सांगतो.
तुम्ही पण पाकिटं बघून घ्या. हिरव्या ठिपक्यात दूध आणि मध दोन्ही बसतं, त्यामुळे व्हीगन मुलीला त्याचा उपयोग नाही, तिच्यासाठी २०२२ पासून भारतात वेगळी व्हीगनची खूण आलीय ती शोधा. बिस्किटात दुधाची पावडर असतेच बऱ्याचदा. आणि घाटावरचा कांदा-लसूण मसाला चुकून जैन मुलीच्या भाजीत जाऊ देऊ नका.

कुडाळची_काकी:
गो बाय, तू उगाच घाबरतंस! मालवणी जेवणात दूध-तूप असतं तरी किती? आपलं दूध म्हणजे नारळाचं. व्हीगन पोरीला आपल्याएवढं सोपं घर सापडायचं नाही.
सकाळी तांदळाच्या पिठाचे घावणे आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. दुपारी ओल्या काजूची उसळ, मे म्हणजे हंगामाची अखेर, आत्ताच गर सोडवून फ्रीजरला टाक. कांद्याशिवाय वाटप, म्हणजे खोबऱ्याचं वाटण, होत नाही असं वाटतं पण होतं, ओलं खोबरं मंद आचेवर तांबूस होईस्तोवर भाज, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या त्याच तव्यावर, आणि वाटताना कोमट पाणी घाल. फोडणी खोबरेलाची, हिंग जरा सढळ. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मोहरीच्या फोडणीत. सोलकढीत लसूण नको, जिरं आणि हिरवी मिरची वाटून घाल. वरणावर तूप आपण वरून वाढतो, ते वाटीत बाजूला ठेव, ज्याला हवं तो घेईल. आमरसात दूध घालायची काय गरज, हापूस आहे.
अंडं खाणारीचा तर प्रश्नच नाही, ती खाते, पण अंड्याशिवाय तिचं अडत नाही. चार दिवस घरात आणूच नको.
एक दिवस शिरवाळे कर, तांदळाच्या शेवया साच्यातून पाडून नारळाच्या गोड रसात. तांदूळ, नारळ, गूळ, दुसरं काही नाही त्यात, तिघींना चालतील.

सावंतवाडीची_आई:
काकी, किती किती उपकार! आणि नीता, इचलकरंजीच्या ताई, तोक्योचे दादा, सगळ्यांचेच. आज तिघींशी स्वतः फोनवर बोलले. जैन मुलगी घरी असली की सूर्यास्ताच्या आत जेवते, पुण्यात ऑफिसमुळे जमत नाही म्हणून तिला रुखरुख लागते. मी म्हटलं आमच्याकडे साडेसहाला सगळेच जेवू, तर पोरगी एकदम गप्प झाली, मग हळूच थँक्यू काकू म्हणाली. व्हीगन मुलगी दोन वर्षांपासून आहे, दूध सोडल्यावर बी-१२ कुठून मिळणार हे डॉक्टरला विचारून गोळ्या घेते, तेही मला ऐकून बरं वाटलं.
सासूबाईंना गांधीजींच्या शेळीचं वाचून दाखवलं. ऐकून काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुलाला हाक मारून माळ्यावरचा शिरवाळ्यांचा लाकडी साचा खाली काढायला लावला, आता मागच्या पडवीत बसून स्वतः घासतायत.