मदत हवी आहे: पावागड उतरताना गट फुटतो

बडोद्याहून डोंगर महोत्सवासाठी पावागड डोंगरावर पायथ्याचं चांपानेर ते मधल्या टप्प्यावरची माची, अटक दरवाजामार्गे पायवाटेने जाऊन-येऊन फेरी नेतो. माणसं २४, वय १२ ते ६५. वाटाडे दोनच, तिसरा मिळणार नाही. वॉकीटॉकीची एकच जोडी.

चढण ठीक. उतरताना सुट्या दगडांवर गुडघे दुखणारे मागे पडतात, अर्ध्या तासाचं अंतर पडतं. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवलं, तर मागचे वळण सोडून आडवे उतरतात आणि त्यांच्या पायाखालचे दगड खालच्यांवर येतात. हे जास्त धोक्याचं. दर २० मिनिटांनी थांबलं की ऊन गाठतं. माचीहून गाडीने उतरायचं नाही.

१२-१२ चे दोन गट केले, तर एकेकच वाटाडा उरतो. रांगेच्या शेवटी सहभागींपैकीच कोणाला ठेवलंय का कोणी? त्याला आधी नेमकं काय शिकवलंत?